या म्हणायचं नसतं

दानम्माचा उद्या पेपर आहे. प्राचीन ग्रीस.
ती मोठ्यानं वाचते, मी ज्वारी पाखडते.
तिघा भावांनी वाटणीच्या चिठ्ठ्या टाकल्या,
एकाला आभाळ निघालं, एकाला समुद्र,
थोरल्याला खालचं.
मी म्हटलं, थोरल्याच्या वाट्याला खडकच येतो,
आमच्या सासऱ्यांना विचार.

त्याचं नाव कुणी घेत नसे, ती वाचते.
धनवंत म्हणायचे, दाणा खालून येतो म्हणून.
बोलवायचं तर जमिनीवर तळहात आपटायचे,
काळा मेंढा द्यायचा आणि तोंड फिरवायचं.
एका गावात म्हणे देऊळ होतं त्याचं,
वर्षातून एकदा उघडायचं,
तेही पुजाऱ्यापुरतं.

यात लिहून घेण्यासारखं काय आहे गं?
आपण दुकान बंद करतो का? वाढवतो.
बांगडी फुटत नाही, वाढते.
दिव्याला निरोप देतो.
रात्री साप निघाला तर लांबडं म्हणतो.
आणि मी तरी तुझ्या बापाचं नाव
लग्नातला एक उखाणा सोडला तर
कधी घेतलंय?
तोही अर्ध्यात अडकला होता.

मला सांगितलं होतं, मुलगा महापालिकेत आहे.
खोटं नव्हतं.
अक्कलकोटहून निघालेली जीप
रुद्रभूमीच्या फाटकातून आत वळली
तेव्हा मला वाटलं, ड्रायव्हर चुकला.

तीन दिवस मी अन्नाला शिवले नाही.
तिकडे आईनं चूल पेटवली नाही,
पोटऱ्यात आलेली ज्वारी पाण्यावाचून उभी वाळली.
असं मावशी सांगते. मावशी वाढवून सांगते.
चौथ्या दिवशी ह्यांनी मार्केट यार्डातून
तडकलेलं डाळिंब आणलं,
दाणे ताटलीत काढले
आणि माझ्याकडे पाठ करून
दारात बसून राहिले, कुत्र्याशी बोलत.

वहीत कुणी एक दाणा लिहिलाय, कुणी सात.
मी मोजले नव्हते.

मोजलं आईनं. चैत्र लागला की माहेर,
मृगाआधी परत, असं ठरलं.
तिकडे म्हणे ती खाली गेली की पिकं थांबतात.
इथे मी वर जायचे तेव्हा
सोलापुरात त्रेचाळीस डिग्री.
सगळ्या गावात गारवा काय तो
ह्यांच्या कडुलिंबांखाली, आणि ह्यांच्या खड्ड्यात.

आमच्यात माणूस आडवा ठेवत नाहीत.
मांडी घालून बसवतात,
डाव्या तळहातावर लिंग,
वरून मीठ, विभूती, बेल.
हे आधी स्वतः उतरून बसून बघतात,
गुडघ्याला जागा पुरते का.
बाहेर आले की पैसे मिळतात,
देणारा दुसरीकडे बघत असतो.
निघताना कुणी येतो म्हणत नाही.
हेही या म्हणत नाहीत.
तीस वर्षं झाली. आता घरी आलेल्या पाहुण्यालाही
तोंडातून निघत नाही,
म्हणून लोक म्हणतात, माणूस तुसडा.

साडेनऊला आले. पाय धुतले.
दानम्मानं सगळं पहिल्यापासून सांगितलं,
तीन तोंडांचा कुत्रा, दिसेनासं करणारं शिरस्त्राण,
आणि एक बैठक, तिच्यावर बसला तो उठत नाही.
हे म्हणाले, बसलेला कशाला उठेल?
मग भाकरी मोडता मोडता,
परमनंट होता का?
दानम्मा हसली. म्हणाली, अप्पा, देव होता तो.

बराच वेळ हे जेवत राहिले.
मग म्हणाले, म्हणजे त्याला पुरणारं कुणी नाही.
ती म्हणाली, देव मरत नाहीत.
मग रजा कशी मिळायची त्याला, हे म्हणाले,
आणि ताटलीतले दाणे
माझ्याकडे सरकवले.

पहाटे साडेचारला यार्डात क्रेट उतरतात,
मी निवडायला बसते.
मोठं फळ एकीकडे, डागी दुसरीकडे.
तडकलेलं कुणाला नको असतं.
ते माझ्या ओच्यात.